सागवानी तुळईवरचे आकडे

"मुलांनो, बाहेर व्हा! पाच मिनिटांत करवत चालू होणार!" मुकादम ब्राउअर ओरडले.

ऊर्जा जागची हलली नाही. ती बाबांबरोबर आणि चुलतभाऊ पुष्करबरोबर म्युनिकहून एल्ब नदीकाठच्या या खेड्यात सुट्टीला आली होती. शेजारचं जुनं कोठार आज पाडायचं होतं, आणि त्याच्या काळ्या तुळयांवर तिला काहीतरी कोरलेलं दिसलं होतं.

"पुष्कर, हे वाच!"

"७... ८... ९! आल्झो, म्हणजे हे तर मराठी आकडे! इथे कसे?"

ऊर्जाला एकदम आठवलं. कालच गावच्या संग्रहालयात पेटरसनबाईंनी एका फ्रेंच युद्धनौकेची हकिगत सांगितली होती. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी ती हिंदी महासागरात पकडली, तिचं नाव बदललं आणि तोफगोळ्यांनी फुटलेली तिची कूस मुंबईच्या गोदीत सागवान घालून दुरुस्त केली. मग ती इंग्रजांच्याच झेंड्याखाली लढली! म्हातारी झाल्यावर हांबुर्गच्या व्यापाऱ्याला विकली गेली आणि याच किनाऱ्यावर मोडीत निघाली. तिची लाकडं कुठे गेली, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मुंबईच्या सुतारांचे आकडे आहेत हे! म्हणजे त्या जहाजाची लाकडं या कोठारात आहेत! पुष्कर, सायकल काढ, बाईंना घेऊन ये!"

"अगं, वीस मिनिटं लागतील!"

"मी थोपवते यांना. पळ!"

मुकादमांनी तिचं ऐकलं आणि ते खो खो हसले. "किड्यांनी कोरलंय ते!"

करवत घरघरली. आता काय करायचं? तेवढ्यात डोक्यावर चिवचिवाट झाला. आढ्याला पाकोळीचं घरटं होतं, आणि त्यातून चार पिवळ्या चोची डोकावत होत्या!

"थांबा! वर पिल्लं आहेत! पिल्लं असताना कोठार पाडायला कायद्याने बंदी आहे. तुम्ही आधी तपासलं नाहीत?"

मुकादमांचा चेहरा पडला. करवत थांबली. ते पुटपुटत कचेरीला फोन लावू लागले.

पुष्करबरोबर पेटरसनबाई धापा टाकत पोहोचल्या. त्यांनी पिशवीतून गोदीतल्या दुरुस्तीच्या नकाशाची प्रत काढली. बदललेल्या तुळया सात, आठ, नऊ!

"गेनाऊ! अगदी बरोबर! तीच ही!" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं शोधत होते मी. शाबास, पोरांनो!"

मागून धावत आलेल्या बाबांनी दोघांना जवळ ओढलं. "ऊर्जा, तू एकटी करवतीसमोर उभी राहिलीस?"

मुकादम ओशाळून पुढे आले. त्यांनी आपलं शिरस्त्राण काढून ऊर्जाच्या डोक्यावर ठेवलं.

"पिल्लं उडाली की एकेक लाकूड जपून उतरवू," ते म्हणाले. "कुठलं आधी, ते तू सांगायचंस!"