लाल दोऱ्याचं बटण

"हलू नका हं, सुई टोचेल!"

टाचणीने त्याच्या काळ्या कोटाची कड घट्ट धरली, आणि तो बिचारा कोर्टाच्या जिन्याखालच्या बाकावर श्वास रोखून बसला. किती वर्षं झाली या गोष्टीला! पण त्या बाकावरची तिरपी उन्हं टाचणीला अजून दिसतात.

टाचणी हे आईने ठेवलेलं नाव. अंगाने बारीक, जिभेने अणकुचीदार. कपडे दुरुस्त करून मायलेकींचं कसंबसं भागायचं. त्यामुळे कुणाचं लोंबतं बटण दिसलं की हिची बोटं शिवशिवायची. सुई कायम ओढणीत खोचलेली. दोरा मात्र त्या दिवशी लाल होता.

घरमालकाने खोली रिकामी करून घ्यायला दावा लावला होता. वकील करायची ऐपत नव्हती. 'कमाई कमी असली की कोर्टच फुकट वकील देतं,' असं शेजारणीने सांगितलेलं. आत शिरताच काळा कोट दिसला... झालं! हाच आपला वकील.

"अहो, पण मी—"

"आधी ऐका तर! बेकरीच्या वरची खोली आमची. मी तिथे शिलाई मशीन चालवते, आणि करारात ते चालत नाही. मालकाला पत्ता नाही अजून. कळलं तर आई आणि मी रस्त्यावर!"

त्याने डोळे गच्च मिटले. "बेकरीच्या वरची? थांबा हो... मी तुमच्या मालकाच्या वकिलांचा ज्युनिअर आहे."

टाचणीने दातांनी दोरा तोडला.

"मग... सांगणार तुम्ही?"

"बटण लावून घ्यायचं आणि केसाने गळा कापायचा? छे!" तो उठला. "चला, फुकट वकील मिळतो ती खोली दाखवतो. वाटेत कृपा करून केसबद्दल बोलू नका."

"मग कशाबद्दल बोलू?"

"हवेबद्दल."

"हवा बरी आहे," टाचणी म्हणाली, आणि त्याच्या गालाला पडलेली खळी तिने चोरून पाहिली.

व्हरांड्याच्या टोकाला कुरकुरत्या पंख्याखाली एक वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी कमाईचा दाखला पाहिला, सगळं ऐकलं आणि चष्मा वर सरकवला. "मशीन लपवायचं कशाला, पोरी? आपणच सांगू. पोट भरणं हा काय गुन्हा आहे?"

सुनावणीला मालकाच्या बाजूने भलताच ज्युनिअर उभा. आणि तो? सगळ्यात मागच्या बाकावर, लाल दोऱ्याच्या बटणासकट! वकीलबाई मशीनबद्दल स्वतःहून बोलल्या तेव्हा टाचणीने ओढणीचं टोक दातांत धरलं. पण निकाल लागला— खोली राहिली! मशीन फक्त दिवसा चालवायचं, एवढीच अट.

बाहेर येताच तिने त्याला गाठलं. "तुम्ही का नाही उभे राहिलात?"

"काम सोडलं. ऐकलेलं विसरता येईना... आणि तुमच्याविरुद्ध वापरवेना. साहेब म्हणाले, शतमूर्ख आहेस."

"अगंबाई! आणि आम्ही तर सगळं आपणहून सांगून बसलो! म्हणजे तुमची नोकरी उगाच गेली?"

"उगाच?" तो बटणाशी चाळा करत राहिला. "तुम्हाला फुकट वकील हवा होता ना... एक रिकामा आहे. अशील नाही, साहेब नाही. पण तुम्ही बोलत राहिलात, तर... जन्मभर ऐकेल."

टाचणीचे कान लाल झाले, अगदी दोऱ्यासारखे.

"बघू, बटण सैल झालंय का?"

"मुळीच नाही," तो म्हणाला आणि एक पाऊल पुढे आला. "पण बघा ना."

तो कोट आता विटलाय, कोपरांना झिजलाय. घरात काळ्या दोऱ्याची रिळंच्या रिळं पडलीयेत. टाचणी अधूनमधून सुई घेऊन पुढे होते, "आणा इकडे, नीट लावून देते." की वकीलसाहेब दोन्ही हातांनी बटण झाकतात.

"हलू नका हं," ती दटावते.

"नाही हलत," ते म्हणतात. "तेव्हा तरी कुठे हललो होतो?"