चाकात अडकलेलं बी

पार्सल फोडलं तेव्हा रिव्हॉल्व्हरच्या आधी एक बी बाहेर आलं.

इवल्याशा प्लास्टिकच्या पिशवीत. चपटं, मळकट पांढरं, भोवती लालसर गर वाळून चिकटलेला. पिशवीला टाचलेलं कंपनीचं पत्र विनयनं काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं, मालकाला दाखवलं, आणि दुपारी बाराच्या आत तो मांडवगोंदीच्या पोलिस ठाण्यात बाकावर बसलेला होता.

त्याच्या बायकोला, शुभांगीला, फोन आला तो दुकानाचे मालक चिरागशेठ यांचा.

"वहिनी, विनयला ठाण्यात नेलंय. माझा त्यात काही संबंध नाही."

पहिलं वाक्य बातमीचं, दुसरं स्वतःच्या कातडीचं. शेठ आयुष्यभर याच क्रमानं बोलत आले होते.

"केलं काय त्यांनी?"

"नरसिंगराव साहेबांचं नवं रिव्हॉल्व्हर. हमीत दुरुस्तीला आलं होतं. कंपनी म्हणते, आत कचरा कोंबलाय, हमी लागू नाही. साहेब म्हणतात विनयनं केलं. पाचपर्यंत केस लिहिणार आहेत. हत्याराची केस म्हणजे मला दुकानाचं लायसन बघायला पाहिजे ना? त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा."

"पत्राचा आणि दुरुस्तीच्या फॉर्मचा फोटो पाठवा," ती म्हणाली. "तेवढ्यानं तुमचं लायसन जात नाही."

दीड वर्षाच्या लेकीला, सपनाला, कडेवर आणि दुधाची बाटली पिशवीत घेऊन तिनं मावल्याच्या फाट्यावर मांडवगोंदीची बस पकडली. विनय बंदुकीच्या दुकानातला कारकून. हत्यारांची नोंद करायची, खोक्यावर पत्ता लिहायचा, एवढंच त्याचं काम. त्यानं उभ्या आयुष्यात चाप ओढला नव्हता. एकदा केस झाली की अशा माणसाला दुसरं दुकान उभं करत नाही, आणि सरकारी परीक्षेचा फॉर्मही मग भरायचा नाही. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बसमध्ये तिनं पत्र दोनदा वाचलं. गोळ्या भरायच्या चाकामागे चांदणीच्या आकाराची एक पट्टी असते. ती उचलली की रिकामी काडतुसं बाहेर येतात. त्या चांदणीखाली वाळलेला गर, लाल पूड आणि एक बी सापडलं होतं. चाक त्यामुळेच फिरत नाही, यंत्रात दुसरा कोणताही दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं.

फॉर्म नरसिंगरावांच्या हातचा होता. तारीख कोजागिरीनंतर दोन दिवसांची. तक्रार: चाक अजिबात फिरत नाही.

तिनं तो फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मग ठाण्याच्या आधी नरसिंगरावांच्या घराशी उतरली.

नरसिंगराव सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. हे ते विसरू देत नसत, फाटकावरच्या संगमरवरात कोरून ठेवलं होतं. ज्यांच्यावर गल्लीतलं कुत्रं भुंकत नव्हतं, त्यांनी जिवाला धोका आहे म्हणून अर्ज केला, चार वर्षं खेटे घातले आणि रिव्हॉल्व्हर मिळवलं. आता ते पायजम्यावर पट्टा बांधून, पट्ट्याला रिकामं चामडी म्यान अडकवून खुर्चीत बसले होते.

"तुझ्या नवऱ्यानं माझ्या वस्तूचं वाटोळं केलं, बाई."

"म्हणूनच विचारायला आले, काका. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करतात ना, तुमचं जमा केलं तेव्हा चालत होतं?"

"म्हंजे काय! घटस्थापनेच्या दिवशी नेलं. उद्धवराव जमादारासमोर चाक फिरवून दाखवलं. पावतीवर लिवलंय, हालत दुरुस्त."

"मग पुडकं बांधलं?"

"माह्या डोळ्यांसमोर. पांढऱ्या कापडात शिवलं, लाख लावली, अन् कापडावर मी सही ठोकली. इंग्रजीत. छत्तीस वर्षं नोकरी केली, कच्चं काम करत नसतो आपण."

"परत कधी मिळालं?"

"निवडणूक पुढं गेली न, मंग कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. सील पक्कं होतं. रातभर कपाटात. सकाळी वावरात नेऊन फोडलं. रानडुकरं लय झालेत."

"कायची रानडुकरं!" आतून वनमालाकाकूंचा आवाज आला. "मेव्हण्याले दाखवाले गेलते."

"तू गप बस."

"चाललं का, काका?"

"चालते कुठून! चाक दगडासारखं गच्च. तो मेव्हणा दात काढाले लागला. तिथूनच जीप फिरवली, सिद्धा आदिलाबादले, दुकानात."

"म्हणजे दुकानात नेलं तेव्हा ते अडकलेलंच होतं."

नरसिंगरावांनी पट्टा वर ओढला. छत्तीस वर्षांत त्यांच्यापुढं इतका सरळ हिशेब कुणी मांडला नसावा.

"थोडं अडकत असंल. तुझ्या नवऱ्यानं जास्ती केलं."

"कंपनी म्हणते, दोष एकच आहे."

"कंपनीले काय कळते!"

ज्या कंपनीनं रिव्हॉल्व्हर घडवलं तिला त्यातलं कळत नव्हतं. शुभांगीनं वाद घातला नाही. मूर्ख माणसाला उत्तर देण्यात वेळ जातो, आणि घड्याळात सव्वातीन झाले होते.

"पुडक्याचं कापड ठेवलंय का हो, काकू?"

काकूंनी ते लोणच्याच्या बरणीवर बांधलं होतं. सोडून दिलं. शुभांगीनं दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहिल्या. लाखेचा तुकडा होता, घाईचे टाके होते, तेलाचा डाग होता. बाकी कापड कोरं. घडी करून तिनं ते सपनाच्या दुपट्यांमध्ये ठेवलं.

ठाण्यात विनय बाकाच्या टोकाला बसला होता, जणू बाकावर आणखी पाच माणसं आहेत. तिला पाहून उठला, मग परवानगी नाही म्हणून परत बसला.

"काऊन आली तू इथं?" उद्धवराव जमादार गरजला. गोरा, गोल, मिशीला रंग लावलेला. चौकशी त्याच्याकडंच होती. "बाईमाणसाचं काम नाही हे."

"मला एसआय साहेबांशी बोलायचंय."

एसआय, म्हणजे ठाण्याचा फौजदार, तरुण होता, दिवाळीनंतर वरंगलकडून बदलून आलेला. मराठी त्याला समजे, बोलता येत नसे. त्यानं घड्याळ पाहिलं. "पाँच मिनट. बोलिए."

टेबलावर ती पिशवी होती. उद्धवरावनं ती बोटांत धरून हलवली.

"साहेब, केस साफ आहे. भोपळ्याचं बी. हा लेकराले दुकानात नेते, बिया सोलून देते. अन् कुंकू लागलंय ते दिवाळीच्या पुजेचं. दुकानात पूजा झाली, यानं लोकाची हत्यारं मांडली. विचारा, हो का नाही?"

"पूजा झाली होती, साहेब," विनय पुटपुटला. "पण ते रिव्हॉल्व्हर..."

"बगा! कबूल करून राह्यला."

शुभांगीला त्याची कीव आली आणि रागही. खरं बोलायचं तर पूर्ण तरी बोलावं माणसानं.

"मी बघू का ते बी?"

तिनं पिशवी उजेडात धरली. दीड वर्षात तिनं सपनाच्या तोंडातून गुंडी, खडू, चिंचोका आणि एकदा जिवंत मुंगळा काढला होता. जमिनीवरची कुठलीही वस्तू आधी ओळखायची, मग घाबरायचं, ही तिला सवय लागली होती. शिवाय बीएस्सीला वनस्पतिशास्त्र होतं.

"हे लाल भोपळ्याचं नाही, साहेब. हे लहान आहे, आणि कडेला दुहेरी काठ आहे. कोहळ्याचं आहे."

"बी ते बी!" उद्धवराव म्हणाला. "दिवाळीले फोडला असंल कोहळा."

ती उत्तर द्यायच्या आधी तिची नजर त्याच्या डोक्यावरून भिंतीवर गेली. तिथं काचेच्या चौकटीत एक मोठा फोटो लावला होता. लाल कापडाचं टेबल, झेंडूच्या माळा, ओळीनं सात हत्यारं आणि पुढं छाती काढून उद्धवराव. सहा हत्यारं लांब. मधलं आखूड, चकचकीत, मान मोडल्यासारखं उघडून ठेवलेलं.

"फोटो छान आहे, जमादार. कधीचा?"

"दसऱ्याचा. आयुधपूजा." त्याची मान ताठ झाली. "जिल्ह्याच्या ग्रुपमधे सगळ्यात पयले आपल्या ठाण्याचा गेला. बावन्न अंगठे आले."

"साहेब, या ठाण्याची हत्यारं किती?"

एसआयला प्रश्नाचं कारण कळलं नाही, पण आकडा पाठ होता. "छह. सब राइफल. मेरा पिस्टल मैं साथ लाया."

एसआयनं वळून फोटो पाहिला. बोटानं हत्यारं मोजली. पुन्हा मोजली.

"सातवाँ किसका है?"

उद्धवराव फोटोपुढं येऊन उभा राहिला. रंगवलेल्या मिशीवर घाम आला.

"मी सांगते," शुभांगी म्हणाली. सपनानं तिच्या बांगड्या ओढायला सुरुवात केली होती, तिनं पोरीला विनयच्या मांडीवर दिलं. "दुकानातली पूजा दिवाळीची. पण नरसिंगरावांची तक्रार कोजागिरीनंतर दोन दिवसांची आहे, त्यांच्याच हातची. दिवाळी त्याच्यानंतर येते. जे बी दिवाळीला पडलं, त्यानं कोजागिरीला चाक कसं अडवलं? दुकानात आलं ते अडकलं म्हणूनच आलं. हे इतकं उघड होतं की कुणी बघितलंच नाही. गरीब कारकून समोर बसलेला असला की लोकांना तारखा दिसत नाहीत."

एसआयनं तिच्या मोबाइलवरचा फॉर्म पाहिला.

"मग राहिलं घर आणि ठाणं. घटस्थापनेला चाक फिरत होतं, जमादारांनी स्वतः लिहून दिलंय. परत मिळाल्यावर ते एक रात्र घरी होतं. एका रात्रीत कोहळ्याचा गर दगडासारखा वाळत नाही, त्याला दिवस लागतात. आणि आपल्याकडं मराठी घरी खंडेनवमीला हत्यारावर फूल ठेवतात, हळदकुंकू लावतात. कोहळा फोडून त्यात कुंकू ओततात ते लॉऱ्यांपुढं, दुकानांपुढं," ती थांबली, "आणि ठाण्यात. फोटोत टेबलाखाली बघा, साहेब. दोन फोडी आहेत."

"सील होतं!" उद्धवराव ओरडला. "रजिस्टरमधे लिवलंय, सील कायम!"

"लिहिणारे तुम्हीच." तिनं दुपट्यांतून कापड काढून टेबलावर पसरलं. "नरसिंगरावांनी कापडावर इंग्रजीत सही केली होती, तुमच्यासमोर. हे परत आलेलं कापड. काकूंनी बरणीवर बांधलं होतं. सही शोधा."

एसआयनं कापड उलटं केलं, सुलटं केलं. उद्धवरावकडं पाहिलं. "क्यों खोला?"

आता जमादाराचा आवाज एकदम घरगुती झाला. "सायेब, देवाचं काम होतं. सहा जुन्या रायफली, दोन तर निजामाच्या जमान्यातल्या वाटतेत. टेबल भरतच नव्हतं. शेजारच्या ठाण्यानं मागच्या साली नऊ मांडलते. मी म्हनलं, एक नवं चमकीचं ठेवू मधात, फोटोत उठून दिसंल. नवं आहे तर सहाही भोकांले कुंकवाचं बोट लावलं, म्हणून उघडं ठेवलं. कोहळा फोडला तं जरासं उडलं. मी पुसलं, सायेब. चांगलं पुसलं."

"पुसलं!" शुभांगी म्हणाली. "मग नवं कापड, नवी लाख, आणि तक्रार आली तेव्हा नवा चोर."

"वहिनी, गैरसमज झाला. तुमी घरी जा. मी बोलतो नरसिंगरावसोबत."

बावन्न अंगठ्यांसाठी एका माणसाला तुरुंगात घालायला निघालेला हा गृहस्थ आता तिला वहिनी म्हणत होता. एसआयनंही खुर्ची मागं सारली.

"ठीक है मॅडम. हसबंड को ले जाइए. हो गया."

विनय लगेच उठला. "चल, शुभा. झालं ना."

"बसा," ती म्हणाली.

तो बसला.

"साहेब, आज तोंडी झालं. उद्या कुणाला तरी पुन्हा चोर लागेल, तेव्हा ठाण्यात नेलेला कारकून सगळ्यांना आठवेल. लिहून पाहिजे. सील कुणी तोडलं, का तोडलं, आणि विनय यांचा संबंध नाही. एक प्रत दुकानाला, एक नरसिंगरावांना, एक मला. तेलुगूत चालेल, मला वाचता येतं. दहावीपर्यंत तेलुगू मीडियम."

एसआयनं तिच्याकडं, मग फोटोकडं पाहिलं. आपल्या आधीच्या साहेबाच्या काळातली घाण आपल्या सहीनं झाकायची की नाही, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग त्यानं कोरा कागद उद्धवरावपुढं सरकवला.

"लिखो. तुम ही लिखो."

उद्धवराव लिहू लागला. शुभांगी शेजारी उभी राहून एकेक ओळ वाचत होती. "पूजेच्या वेळी पुडकं उघडलं गेलं" इथं तिनं बोट ठेवलं.

"गेलं नाही, जमादार. आपोआप काही उघडत नसतं. कुणी उघडलं?"

त्यानं एसआयकडं पाहिलं. एसआय खिडकीबाहेर बघत होता.

उद्धवरावनं ती ओळ खोडली, आणि नव्या ओळीत बापाच्या नावासकट, हुद्द्यासकट, आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर मात्र सुरेख होतं.