कंदील स्टेशनचा बिल्ला

मोबाईल ठेवा रे खाली. आणि हा पितळी बिल्ला हातोहात फिरवा. हरवलात तर कान उपटीन.

रोज कंदील स्टेशनला उतरता, नाव कुठून आलं ठाऊक आहे? मेट्रोच्या आधी तिथं रेल्वेचं फाटक होतं. फाटकवालीचा एकुलता एक मुलगा एका रात्री रूळ तपासायला गेला, तो परत आलाच नाही. म्हातारी मरेपर्यंत रोज रात्री कंदील घेऊन तिथं उभी. लोक म्हणायचे, कंदिलापाशी उतरव. तेच नाव मेट्रोला पडलं.

आता ऐका. माझे साडू पाट्या बसवतात. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच तिखटमीठ लावणार नाही. स्टेशनला कुठल्याशा कंपनीचं नाव द्यायचं ठरलं होतं. रुळापलीकडच्या भिंतीवरची जुनी अक्षरं काढायला साडू आणि त्यांचा धाकटा भाऊ गेले. धाकट्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

तिथला नियम असा, की रुळावर उतरताना ऑफिसातल्या फळ्यावर आपल्या खिळ्याला टांगलेला बिल्ला काढून घ्यायचा, वर आलं की परत टांगायचा. सगळे बिल्ले जागेवर दिसले, की ड्युटीवरचा साहेब रुळाला वीज सोडायला सांगतो.

पहाटे तीन वीसला काम आटोपलं. धाकटा म्हणाला, "दादा, माझाही टांग. पक्कड राहिली खाली, घेऊन आलोच."

साडूंनी दोन्ही बिल्ले टांगले. दोन मिनिटांचा तर प्रश्न! माणूस मरतो तो असल्याच दोन मिनिटांत.

साडू फलाटावर येऊन थांबले. दिवे मालवलेले. काढलेली अक्षरं भिंतीशी टेकवलेली. वायरी तोडलेल्या.

'कं' पेटलं.

मग 'दी'.

मग 'ल'...

पिवळा, मिणमिणता उजेड. रॉकेलचा वास. साडूंनी रुळाकडे वाकून हाक मारली.

"धाकट्या..."



"अरे, ओ दे ना..."

आणि मागून, अगदी कानाशी, म्हातारा आवाज.

"माझा... आला नाही अजून..."

वळून बघायची छाती झाली नाही. साडू बोंबलत सुटले, "वीज सोडू नका! माझा भाऊ आहे खाली!"

साहेब फळ्यासमोर फोन धरून उभा होता. म्हणाला, "ओरडता कशाला? एक बिल्ला कमी आहे. मी कशी सोडीन वीज?"

साडूंनी फळा पाहिला. धाकट्याचा खिळा रिकामा.

धाकटा रुळात पडलेला सापडला. घसरून डोकं आपटलेलं, शुद्ध नव्हती. पण जिवंत होता. बिल्ला त्याच्या मुठीत.

लग्न झालं. स्टेशनचं नाव तेच राहिलं, नवी पाटी लावायला कोणी तयारच होईना. धाकट्याने बिल्ला घरात ठेवायला नकार दिला, म्हणून तो माझ्याकडे आला. मघापासून तुम्ही फिरवताय, तोच.

जरा दिवा लाव रे. आपापली बोटं बघा.

"काका... काळी झालीत. काजळी आहे ही."

हं. ओली आहे ना? वर्ष झालं, रोज धुतो मी तो.