वाढलेली पानं

शाळेच्या वाचनालयात परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पानं मोजूनच कपाटात ठेवते. मुलं चित्रं फाडतात, म्हणून ही सवय. बाकीच्या बाई हसतात, हसू देत. मात्र मी बघायची ते पानं कमी भरली का, एवढंच. वाढली का, हे कोण बघतं?

ते पुस्तक म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्या एका लेखिकेच्या लहानपणच्या आठवणी. मुलं त्यावर नुसती तुटून पडायची. एवढं काय आहे त्यात, म्हणून विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, त्यात अगदी माझ्यासारखं आहे. मी म्हणायची, बाईंनी पोरांची नाडी बरोबर ओळखलीय.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं ते घरी आणलं. धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून पोर माझ्याकडेच असते. वेण्या घालताना रोज आईच्या गोष्टी सांगायची. डावं-उजवं कळावं म्हणून बहीण तिच्या डाव्या वेणीला निळी रिबीन बांधायची, उजवीला लाल. पुस्तक वाचून झालं आणि गोष्टी थांबल्या. एका सकाळी मी दोन्ही रिबिनी पुढे धरल्या, तर म्हणाली, "वेगवेगळ्या कशाला, मावशी?"

पोर सावरतेय, अशी मी मनाची समजूत घातली.

शनिवारी पुस्तक परत आलं. नोंदवहीत पानं एकशे साठ. हातात एकशे बहात्तर. पुन्हा मोजली, तेवढीच. कागद तोच, शिलाई तीच.

शेवटच्या पानावर लेखिकेची आई तिच्या वेण्या घालत होती. डावीकडे निळी रिबीन, उजवीकडे लाल.

घरी जाऊन भाचीला ते पान दाखवलं, म्हटलं, ही तुझी आई गं.

"ही लेखिकेची आई," ती म्हणाली. "माझी कशी होती?"

आता ठरवलंय, पुस्तक पहिल्यापासून वाचायचं, बहिणीचं जे जे सापडेल ते उतरवून पोरीला परत द्यायचं. पन्नाशीची बाई मी, मला काय होतंय? तरी आधी हे सगळं वहीत लिहून ठेवलं.

*

आज पुस्तक वाचून संपवलं.

मोजलं. एकशे शहात्तर.

नव्या पानांवर लेखिका आणि तिची धाकटी बहीण एकाच छत्रीसाठी भांडतात आणि दोघीही भिजतात. वाचताना डोळे भरून आले. मला बहीण असती तर बरं झालं असतं.

आत्ताच एक मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, जेवायला वाढ ना."

वाढते. शेजारपाजारची पोरं मला मावशीच म्हणतात. हिला घरी न्यायला कोण येणार, तेवढं विचारायला हवं.