जागा मोकळी नाय

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही कोणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. मी स्वतः तिथं होते, आणि पूर्ण शुद्धीत सांगतेय.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मुरबाड-माळशेज रस्त्यावरचं टोकावडे. माझी थोरली बहीण गिरजाताई तिथं दिलेली. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे देवराम भावोजींचं वर्षश्राद्ध होतं.

आधी भावोजींबद्दल सांगते.

शेती सांभाळून ते गावातल्या मुलींना खो-खो शिकवायचे. घरचे मुलीला पाठवेनात, तर हा माणूस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. हो म्हणेपर्यंत उठायचाच नाही. मैदानावरच्या रेघाही स्वतःच मारायचे, त्यामुळे चुन्याची फक्की कायम हाताला. संध्याकाळी प्रत्येक पोरीच्या पाठीवर पांढरा पंजा दिसायचा.

चार बोटांचा. उजवी करंगळी मळणीयंत्रात गेली होती.

घरावरही तसाच जीव. मैदानावरून आले की ताई चुलीपुढं बसलेली असायची. भावोजी मागून जायचे, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "खो."

ताई हसत उठायची. मग ते तिच्या पाटावर बसून उरलेल्या भाकऱ्या करायचे. असा नवरा आमच्या सगळ्या खानदानात कोणाला मिळाला नाही. मला हेवाच वाटायचा.

खो-खोचा नियमच तो. खो मागून द्यायचा. ज्याला मिळाला त्याने मागं न बघता उठून पळायचं. आणि देणाऱ्याने त्याच्या जागेवर बसायचं.

भावोजी गेले तेही मैदानातच. रेघा मारता मारता दमले, म्हणून एका चौकोनात टेकले.

ते उठलेच नाहीत.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी सापगावहून पोचले. दिवेलागण झाली होती. भाची चिमी अजून मैदानावर होती. मी पडवीत पाय पसरून बसले होते, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता...

थप. थप. थप.

समोर अंगणात बघितलं, तर ताई कोंबड्या डालग्याखाली डालत होती.

मग आत कोण?

मी उठून गेले. चुलीपाशी कोणी नव्हतं. तव्यावर भाकरी होती. नुकती उलटलेली, टम्म फुगत आलेली. मागचं दार उघडं होतं. आणि पाटावर... बोट फिरवलं तर पांढरी भुकटी आली. पीठ नव्हे, चुना.

भुताखेताचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. डोक्यात नाव आलं ते पंढरीचं. भावोजींचा जुना सवंगडी. त्यांच्यानंतर मुलींना तोच शिकवतो. लाकडं आणून टाकतो, छप्पर शाकारून देतो. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. एवढा पुळका कशाला, असं मला आधीपासून वाटायचं.

"ताई, आत कोण होता?"

"कोण असंल?"

"मग भाकरी कोणी उलटली?"

तिने शेवटची कोंबडी डालली. मग म्हणाली, "मला खो मिळाला. मी उठली. मागं बघायचं नसतं गो."

"मला वेड्यात काढू नकोस. पंढरी येतो ना घरात?"

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसते पदराला हात पुसले.

"श्राद्ध झालं की चिमीला मी सापगावला नेणार," मी म्हटलं. "असल्या घरात पोरीला ठेवायचं नाही."

तेव्हा मात्र ताई घाबरली. "तिला नको नेऊ, अंजू. त्यांना सगळी घरात लागतात."

मला वाटलं, नाटकं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींच्या आठवणीत सामना ठेवला होता. हार घातलेला फोटो, खुर्च्या, सगळा गाव. चिमी शेवटच्या चौकोनात बसलेली. मी खेळ बघतच नव्हते. मी पंढरीवर नजर ठेवून होते. तो शिट्टी घेऊन पार टेबलाजवळ उभा होता.

रूपा नावाची मुलगी पाठलागावर होती. ती चिमीपासून लांबच्या खांबाला वळत होती, आणि...

चिमी उठून पळाली.

शिट्टी वाजली. पंढरी धावत आला. "चिमे, रूपा तिकडं हाय. कोणी दिला तुला खो?"

"मिळाला, सर."

"रूपा, जा. चिमीच्या जागेवर बस."

रूपा चौकोनापर्यंत गेली. वाकली. तशीच मागं सरली.

"सर... जागा मोकळी नाय."

कोणी हसलं नाही. चिमी वळली, आणि तिच्या पाठीवरचा पंजा सगळ्यांना दिसला. पांढरा, ताजा.

चार बोटांचा.

मी तिरमिरीत जाऊन पंढरीचा हात धरला. तळवा स्वच्छ होता. बोटं पाच.

त्याने हात सोडवून घेतला. हळूच म्हणाला, "अंजूताई, वर्षभर मी फक्कीला हात नाय लावला. सकाळी येतो तं रेघा मारलेल्या असतात. मला वाटायचं, तुमची बहीण मारते."

मी त्याच्यावर संशय घेत होते, तो ताईवर.

तरी मी हट्ट सोडला नाही. उलट जास्तच भ्याले. दुसऱ्या दिवशी चिमीला एसटीत बसवलं, मुरबाडला गाडी बदलली आणि घरी आणलं. 

काही दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज चिरकलेला.

"अंजू, मला खो मिळत नाय गो आता. भाकऱ्या जळतात. ते तुझ्याकडं आले काय?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. खाली बसून तांदूळ निवडायला घेतले. शेजारी चिमी अभ्यास करत होती. मागं मोकळी खोली. बाहेरचं दार मी कडी लावून बंद केलेलं...

पाठीवर हात पडला.

गार नव्हता. उन्हातून आल्यासारखा गरम होता. चार बोटं मला वेगवेगळी कळली.

आवाज आला नाही. नुसता हात, आणि वाट बघणं.

चिमीने पुस्तकातून मान वर केली नाही.

"मावशी, उठ गो. बाबांना बसायचंय."

मी उठले नाही. उठले असते तर त्या पोरीजवळ कोण बसलं असतं, ते मला माहीत होतं.

तेव्हापासून दिवेलागण झाली की मी भिंतीला पाठ घट्ट टेकून बसते. आजही तशीच बसलेय. हात येत नाही. पण चिमीशेजारची जागा मी अजून सोडलेली नाही, आणि चिमी आता माझ्याशी एवढं एकच बोलते. रोज. अगदी शांतपणे.

"मावशी, तू कधी उठणार?"