सोमवारीच बसलेले बूट

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर गुडघ्यापर्यंत उंच, काळा कुळकुळीत असा एक बूट आहे. तुम्ही त्यात पाय घालता. पाय सरसर आत जातो, तुम्ही खूश होता... आणि मग तो बाहेरच येत नाही. तसूभरही नाही. आता शेजारी आठ वर्षांची एक भाची उभी आहे अशीही कल्पना करा. ती म्हणतेय, "मावशी, मी म्हटलं होतं ना, आधी कुणाला तरी विचार."

एका सोमवारी संध्याकाळी आपल्या गोष्टीतली मावशी नेमकी अशीच अडकून बसली होती. मावशी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना "घाबरू नका, तोंड उघडा" म्हणायचं आणि संध्याकाळी भाचीचा अभ्यास घ्यायचा, असे तिचे दिवस चालले होते. भाचीची आई दोन महिन्यांसाठी कामाला परगावी गेली होती, म्हणून भाची मावशीकडे राहायला आली होती. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

बुटांचं ते दुकान अरुंद आणि लांबट होतं. चामड्याचा आणि मेणाचा वास नाकात भरत होता. आतल्या खोलीतली हातोडीची टकटक थांबली आणि बूटवाला बाहेर आला. तिशीतला, कानामागे पेन्सिल, अंगावर चामड्याचा ॲप्रन. त्याने आधी रिकाम्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं, मग मावशीच्या पायाकडे.

"तो नमुन्याचा बूट आहे," तो म्हणाला. "फक्त बघायचा."

"बघून झालाय," मावशी म्हणाली. "आता काढायचा कसा तेवढं सांगा."

तो खाली बसला आणि त्याने टाच धरून ओढली. बूट तिथेच राहिला, मावशी बसलेलं स्टूल मात्र पुढे आलं. भिंगरीने मागून स्टूल घट्ट धरलं. त्याने पुन्हा ओढलं. आता स्टूल, मावशी आणि भिंगरी अशी सगळी वरात दारापर्यंत गेली.

मावशीला राहवेना. "अहो, नुसतं ओढू नका. आधी हलवून सैल करा. डावीकडे... उजवीकडे... घाई नको. मी रोज हेच करते."

"बूट काढता?"

"दाढा."

बूटवाल्याचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. पण सांगितलं तसं त्याने केलं. डावीकडे, उजवीकडे, थोडं गोल... आणि फटकन बूट निघाला. बुटाला मिठी मारून तो मागच्या खोक्यांच्या ढिगात जाऊन बसला.

"दुखलं का?" मावशीने सवयीने विचारलं.

"थोडंसं."

"अर्धा तास काही खाऊ नका," भिंगरी म्हणाली.

तो खोक्यांत बसल्या बसल्या हसला. हसताना त्याच्या एका गालावर खळी पडायची, दुसऱ्यावर नाही. मावशीने दातांकडे पाहायच्या आधी खळीकडे पाहिलं. तिच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग बुटांचं प्रयोजन निघालं. भिंगरीला घोडेस्वारी शिकायची होती. तिचे बूट आलेही होते. पण तिने अट घातली होती: मावशी घोड्यावर बसली तरच मी बसणार. आणि शिकवणाऱ्या मास्तरांचा नियम असा, की योग्य बूट नसतील त्याने घोड्याजवळही यायचं नाही. पहिल्या रविवारी मावशी चुकून खेळायचे बूट घालून गेली. दुसऱ्या रविवारीही तेच बूट घालून गेली, पण चुकून नव्हे. दोन्ही वेळा मावशी-भाची कुंपणावर बसून राहिल्या. तिसरा रविवार असाच गेला तर भिंगरीचं नाव कटणार होतं. तिच्या जागेसाठी अकरा मुलं रांगेत होती.

मावशीला घोड्याची भयंकर भीती वाटते, हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नवशिक्याला एवढा उंच बूट नको," बूटवाला घोट्यापर्यंतचे तपकिरी बूट घेऊन आला. "आधी टाच बघा. एक इंच. म्हणजे पाय रिकिबीतून पुढे घसरून अडकत नाही. तळ गुळगुळीत हवा. खाचा असल्या तर पडताना पाय सुटत नाही."

"पडताना?" मावशीचा आवाज किंचित बारीक झाला.

"पडलात तर."

"तुम्ही आधी 'पडताना' म्हणालात."

"जीभ घसरली. टाच नव्हती ना तिला."

दुकानाच्या कोपऱ्यात एका लाकडी घोडीवर खरं खोगीर बांधलेलं होतं, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या रिकिबी लोंबत होत्या. बूट तिथे बसून तपासायचे, अशी या दुकानाची रीत होती. मावशी चढली. बूटवाल्याने तिचं पाऊल हलकेच रिकिबीत ठेवलं आणि दोन्ही बाजूंना करंगळीएवढी जागा उरते का ते पाहिलं. उरत होती. टाच बरोबर, घोटा बरोबर, बोटांना मोकळीक. त्याने वर पाहिलं.

"डोळे का मिटलेत?"

"विचार करतेय."

"ही लाकडाची आहे, डॉक्टर."

"माहीत आहे मला." तिने एक डोळा उघडला. तो अगदी जवळ होता, आणि बघत होता. तिने तो डोळा पुन्हा मिटला. "टोचतंय."

"कुठे?"

"इथे... नाही, तिथे."

"डाव्या पायात?"

"हो. म्हणजे उजव्या."

बूटवाल्याने तिच्या दोन्ही पायांकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "साच्यावर चढवून ताणावे लागतील. बुधवारी या."

बुधवारी मावशी केस जरा वेगळे बांधून गेली. बूट आता टोचत नव्हते, पण "सैल वाटतात" असं तिचं मत पडलं. त्याने आत पातळ चामड्याचा तळ घालायचं ठरवलं. "शुक्रवारी या." तेवढ्यात त्याने उंच बुटांची गंमत सांगितली. नवीन असताना ते गुडघ्यामागे टोचतील इतके उंचच घ्यायचे, कारण चामडं मऊ झालं की घोट्याशी सुरकुत्या पडून बूट इंचभर खाली बसतो. जे पहिल्या दिवशी छान बसतात, ते महिन्याने आखूड होतात.

"म्हणजे सुरुवातीला टोचणारेच चांगले?" मावशीने विचारलं.

"बुटांच्या बाबतीत," तो म्हणाला. "माणसांचं मला... अजून कळलेलं नाही."

मावशीने मान खाली घालून एक नाडी तीनदा बांधली. भिंगरी दाराशी बसून मोज्याचा धागा ओढत होती. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

शुक्रवारी बूट तयार होते. मावशी काही बोलायच्या आत बूटवालाच म्हणाला, "टाच जरा झिजल्यासारखी वाटते. नवी लावतो. सोमवारी..."

भिंगरी उठली. तिने दप्तरातून पट्टी काढली, बूट उलटा केला आणि टाच मोजली.

"एक इंच," ती म्हणाली. "बुधवारी पण मी मोजली होती. तेव्हा पण एक इंच. न वापरता कशी झिजेल?"

दोघंही टाचेकडे पाहू लागले.

"मावशी, तुला काही टोचत नाही. आणि बूटकाका, तुम्हाला पण माहीत आहे की हिला काही टोचत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "तुम्ही दोघं हसत बसता. आणि परवा माझं नाव कटेल."

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिच्या पायांत तिचे स्वतःचे घोडेस्वारीचे बूट होते, शुक्रवारीही. नाड्या पक्क्या बांधलेल्या, रिकिबीला मात्र एकदाही न लागलेले.

मावशीला कुणी कानाखाली द्यावी तसं झालं. बूटवाल्याने बूट खोक्यात ठेवले आणि खोकं तिच्यापुढे सरकवलं.

"सोमवारीच बसले होते," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली, उगाच तिचं टोक पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिली. मावशी खोकं घेऊन निघाली. बाहेर भिंगरीच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी घोड्याला घाबरते गं. म्हणून टाळत होते."

"तेवढंच?" भिंगरीने विचारलं.

"आधी तेवढंच होतं," मावशी म्हणाली.

रविवारी सकाळी मैदानावर लालसर माती शिंपडून ओली केलेली होती. मास्तरांनी मावशीचे बूट उलटसुलट पाहिले आणि मान डोलावली. तिला दिलेला घोडा करडा, म्हातारा होता. सगळे त्याला सुस्तोबा म्हणत. तो डुलक्या घेत होता. तरीही मावशीने डावा पाय रिकिबीत ठेवला आणि तिथेच थिजली. एक पाय जमिनीवर, एक अधांतरी. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. मग पुढच्या मुलीला बोलावतो."

भिंगरी आपल्या तट्टाजवळ उभी होती. फक्त बघत होती.

कुंपणापाशी कुणीतरी खाकरलं. बूटवाला. आज ॲप्रन नव्हता, शर्टाला इस्त्री होती.

"बूट कसे आहेत?"

"बूट उत्तम आहेत. मीच वाईट आहे." मावशीने मान न वळवता विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा बसलात तेव्हा काय केलंत? खरं सांगा."

त्याने कुंपण आणखी घट्ट धरलं.

"मी कधी बसलोच नाही."

"काय?"

"लाकडी घोडीवर बसलोय. रोज बसतो. पण खरा घोडा... मला त्याच्याजवळसुद्धा जाववत नाही. आत्ता कुंपण धरून उभा आहे ते उगाच नाही."

मावशी त्याच्याकडे पाहतच राहिली. एवढं टाच, तळ, रिकीब, करंगळी! तिला हसू फुटलं. पोटातून आलेलं, आवरता न येणारं. सुस्तोबाने एक डोळा उघडला.

"मग आज कशाला आलात? बूट बघायला?"

"बूट तर मी बारा वर्षं बघतोय," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "तुम्हाला बघायला आलो. सोमवारपासून... मला दुसरं काही नीट मोजताच येत नाहीये."

मावशीने खोल श्वास घेतला. "ऐका," ती म्हणाली, "मला बोलायचंय तुमच्याशी. पण वरून." आणि हसता हसताच तिने जोर लावला, पाय पलीकडे टाकला, आणि ती खोगिरावर बसली होती. थोडी वाकडी, मुठी आवळलेल्या. पण डोळे उघडे.

"मला काहीच टोचत नव्हतं," ती वरून म्हणाली. "मला यायचं होतं. बुधवारी पण, शुक्रवारी पण. आणि उद्याही यायचं आहे."

"उद्या काय बिघडलंय?"

"काहीच नाही. तरी येणार आहे."

मास्तर म्हणाले, "नवशिक्याच्या घोड्याची दोरी धरायला कुणीतरी लागतं. आज माझा माणूस आलेला नाही."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भिंगरीने मात्र कुणाकडे पाहिलं नाही. ती कुंपणाखालून वाकून पलीकडे गेली आणि बूटवाल्याचा हात धरून त्याला ओढत घेऊन आली. तो मागे रेटत होता तरी तिने हात सोडला नाही. सुस्तोबाची दोरी त्याच्या मुठीत कोंबली आणि वर त्याची बोटं नीट मिटवून दिली.

"सोडायची नाही," ती म्हणाली.

मग ती पळत आपल्या तट्टाकडे गेली, तिने टाच खाली दाबून पाय रिकिबीत ठेवला, आणि मास्तर पुढे यायच्या आत वर चढून बसली.