दगडी डोंग्यावरचं नाव

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सोनेघाटच्या पोलीस ठाण्यातला फोन वाजला.

"मॅडम, मी रंजू टेंभरे बोलतेय. नगरपंचायतीच्या नव्या इमारतीसमोर मी जे शिल्प केलंय ना... त्यावरचं एक नाव कोणीतरी खोडलंय."

"शाईनं?"

"नाही. दगडातून काढून टाकलंय."

उपनिरीक्षक तृप्ती मेश्राम यांनी फोन ठेवला आणि हवालदार मुन्ना शेंडे यांना जीप काढायला सांगितली.

इमारतीचं उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. आत फरशा कापायचं मशीन कानठळ्या बसतील असं किंचाळत होतं. बाहेर अंगणात हिरव्या जाळीच्या आडोशाला दगडी डोंगा उभा होता. नाक आभाळाकडे, अर्धं अंग जमिनीत. बुडत असावा तसा.

तीन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत वैनगंगेत एक डोंगा उलटला होता. पलीकडच्या काठावर धान रोवून परतणाऱ्या पाच जणी गेल्या. चार सापडल्या. एक सापडलीच नाही. नवी इमारत बांधायला घेतली तेव्हा दारात कारंजं नको, या पाच जणींची आठवण असू द्या, असं गावाने ठरवलं. नगरपंचायतीने कलाकारांकडून नमुने मागवले. अकरा आले. नागपूरच्या रंजूचा निवडला गेला.

रंजूची एकच अट होती. फक्त नावं कोरायची, आडनावं नाहीत. "पाण्यानं कोणाचं आडनाव विचारलं नव्हतं," असं ती बैठकीत म्हणाली होती.

डोंग्याच्या कुशीवर एकाखाली एक पाच ओळी होत्या. अनुसया. देवकी. रुचिका. रुचिता. सुलोचना.

आता तिसरी ओळ नव्हती.

तृप्ती गुडघ्यावर बसल्या. रुचिकाच्या नावाच्या जागी तळहाताएवढा खड्डा होता. पण तो उघडा नव्हता. त्यात ओला गाळ भरून बोटांनी वरून लिंपला होता. चार बोटांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. गाळ पांढुरका होता, त्यात नदीची बारीक रेती चमकत होती.

"तुम्ही इथून कधी गेलात?"

"साडेबाराला, जेवायला. दोनला आले. चौकीदारही जेवायला गेला होता."

"कॅमेरे?"

"लागायचे आहेत."

"छन्नी तुमचीच वापरली का?"

"माझ्या छन्न्या पेटीत, पेटीला कुलूप. आणि हे छन्नीचं काम नाही, मॅडम. जाड खिळा असेल, नाहीतर लोखंडी खुंटी. वालुकाश्म मऊ असतो. ठोकत बसलं तर तासाभरात निघतो."

"कोणाचा विरोध होता याला?"

रंजू घुटमळली. "दोघांचा. नगरसेवक चंद्रकुमारजी. त्यांना कारंजं हवं होतं, नावं घातलीच तर आडनावांसकट. आणि दुसरे..." तिने त्या लिंपलेल्या जागेकडे पाहिलं. "रुचिकाचे वडील."

चंद्रकुमार फोनवर लगेच सापडले. सकाळपासून ते भंडाऱ्याला बैठकीत होते. त्यांनी तिथून फोटो पाठवला. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता.

"मले कारंजं पाहिजे होतं, हे खरं हाय," ते म्हणाले. "पण मेलेल्या पोरीचं नाव मी कायले खोडू, मॅडम? मले बी पोरी हायेत."

श्रावण कापगते तळ्याच्या पाळीवर भेटले. उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याला, कोवळ्या रोपांना, पाणी सोडत होते. कोपरापर्यंत हात चिखलात.

"काकाजी, नाव कोरायला तुमचा विरोध होता?"

"होता. सरकारी दारात लोक खर्रा खाऊन थुकतात. तिथं माह्या लेकीचं नाव कायले?"

"मग संमतीच्या कागदावर सही कोणाची?"

"हिनं देली."

पाळीवर त्यांची बायको ललिताबाई शिदोरीचा डबा धुवत होती. तिने मान वर केली नाही.

"आज साडेबारा ते दोन कुठे होतात?"

"इथंच. बाजूच्या वावरातल्या कोणालेही विचारा." श्रावण म्हणाले, "काय झालं?"

तृप्तींनी सांगितलं. श्रावण मटकन पाळीवर बसले. त्यांच्या हातावरचा चिखल काळाभोर होता. तळ्याच्या मातीत रेती नसते. तृप्तींनी ते पाहून ठेवलं.

ललिताबाई मात्र उठून उभी राहिली.

"पूर्ण खोडलं? एक अक्षर बी नाही ठेवलं?"

"नाही, बाई."

"तिले आगीत देलं. राख वैनगंगेत सोडली. नावच तेवढं राहिलं होतं, मॅडम. मी रोज सायंकाळी जाऊन पाहून येत होती." मग डबा घट्ट धरून ती विचारत राहिली, "तिनं कोणाचं काय वाईट केलं होतं? सांगा ना. कोणाचं काय केलं होतं?"

तृप्ती जीपकडे वळल्या. एकोणीस वर्षांची मुलगी. कॉलेजला सुटी होती म्हणून मजुरीला गेली आणि बुडाली. भांडण नाही, वैर नाही. तीन वर्षांनी तिचं नाव कोणाला सलत असेल?

नव्या इमारतीच्या समोर रस्त्यापलीकडे मासळी विकणाऱ्या बाया बसत. त्या दुपारी एकटी सखाबाई दिघोरे होती. तिच्याकडे जाता जाता मुन्ना हळूच म्हणाले, "मॅडम, जरा जपून विचारा. जी सापडली नाही ना, रुचिता, ती हिचीच पोरगी. अजून वाट पाहते. पोरीच्या नंबरात दर महिन्याले रिचार्ज मारते. नंबर बंद झाला तर पोरगी फोन कशी करन म्हणते."

"सखाबाई, दुपारी जाळीच्या आत कोणी जाताना पाहिलं का?"

"नाही जी. गिऱ्हाईक होतं."

"ठोकल्याचा आवाज?"

"मशीन चालू होती ना. काय ऐकू येते?"

"दगडावरचं एक नाव खोडलंय कोणीतरी."

"मले कुठं वाचता येते, मॅडम." ती टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करत राहिली. "राहिलं असन कोणाच्या मनात काही."

"रुचिकाचं नाव. कापगत्यांच्या."

फडक्यावरचा हात थांबला.

"कोणाचं म्हणल्या?"

"रुचिकाचं."

"नाही," सखाबाई म्हणाली. "नीट पाहा बरं. ललिताबाईच्या पोरीचं?"

"हो."

सखाबाई उठली. तराजू तिथेच टाकला, टोपली तिथेच टाकली आणि रस्ता उतरून नदीकडे चालू लागली. बरोबर बुडालेल्या पोरीचं नाव ऐकून बाईला आपली आठवली असेल, असं तृप्तींना वाटलं. त्यांनी तिला अडवलं नाही.

ठाण्यात मुन्ना पंचनामा लिहायला बसले. तृप्तींनी वरून नजर टाकली.

"मुन्नाभाऊ, रुचिका लिहा. तुम्ही रुचिता लिहिलंय."

"अरे हो!" मुन्नांनी जीभ चावली. "हे नेहमीचंच हाय, मॅडम. माही भाची होती त्यांच्याच वर्गात. दोघी एकाच बाकावर. मास्तर हजेरी घ्यायचे तर हिचं नाव घेतलं का तिनं 'हजर' म्हणावं. एकाच अक्षराचा तर फरक..."

तृप्तींनी हात वर केला.

पंचनाम्यातल्या त्या चुकलेल्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मग त्यांनी रंजूला फोन लावला.

"कोरायच्या आधी नावं घरच्यांना दाखवली होती?"

"हो. अक्षरं कशी दिसतील ते कळावं म्हणून ज्या त्या घरी फक्त त्यांच्या लेकीचं नाव कागदावर काढून दिलं होतं."

"सखाबाईंनी घेतलं?"

"त्यांच्या नवऱ्यानं सही केली. सखाबाईंनी कागदाला हातही लावला नाही. पण गेल्या आठवड्यात स्वतः आल्या आणि मागून नेला. मला बरं वाटलं होतं, मॅडम. वाटलं, आता मन तयार झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्तींनी सगळ्यांना दगडी डोंग्याजवळ बोलावलं. रंजू, चंद्रकुमार, श्रावण आणि ललिताबाई आले. सखाबाई सगळ्यात शेवटी आली आणि जाळीला टेकून उभी राहिली. रात्रभर झोपली नसावी.

"काल दिवसभर मी एकच प्रश्न विचारत होते," तृप्ती म्हणाल्या. "रुचिकाचं नाव कोणाला नको होतं? प्रश्नच चुकीचा होता. रुचिकाचं नाव कोणालाच खोडायचं नव्हतं."

"मंग खोडलं कोणी?" श्रावण.

"ज्यानं खोडलं त्याला वाचता येत नाही. हातात एक कागद होता, त्यावर एक नाव होतं. वरून एकेक ओळ कागदाशी जुळवत तो माणूस खाली आला. तिसऱ्या ओळीला तेच वळण दिसलं. रु, मग चि. तिथंच खात्री पटली. खालची ओळ पाहिलीच नाही."

रंजूने तोंडावर हात दाबला. सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या ओळीवरून चौथीवर गेल्या.

"खोडायचं होतं ते रुचिताचं. आणि रागानं नाही. राग असता तर खड्डा तसाच राहिला असता. इथं नदीचा गाळ आणून भिंत लिंपावी तसा लिंपला आहे. तळ्यावरच्या माणसाचं हे काम नाही, तिथली माती काळी. रोज नदीवर जाणाऱ्या बाईचे हे हात आहेत." तृप्तींचा आवाज खाली आला. "काल मी सखाबाईंना सांगितलं की रुचिकाचं नाव गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, 'कोणाचं?' मला वाटलं ऐकू आलं नाही. त्यांना नीट ऐकू आलं होतं. आपण काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं."

आत मशीन सुरू झालं आणि बंद पडलं.

"हो जी," सखाबाई म्हणाली. "म्याच केलं. जाळ्याच्या खुंटीनं."

"कायले, सखाबाई?" चंद्रकुमारांनी विचारलं.

"मेलेल्यायच्या नावात तिचं नाव घातलं होतं. माही पोरगी शिकलेली. उद्या आली आन् हे वाचलं, तर म्हणन ना, आईनं मले मेल्यात काढलं?" ती ललिताबाईकडे वळली, पण वर पाहू शकली नाही. "मले नव्हतं मालूम, बाई. तुही पोरगी म्या दुसऱ्यांदा मारली."

श्रावण एक पाऊल पुढे झाले. ललिताबाईने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"लिंपलं कायले?" तिने विचारलं.

"उघडं ठेववत नव्हतं. जखमेवानी दिसे. माह्याच पोरीची समजून लिंपली."

ललिताबाईने त्या बोटांच्या रेघांवर आपली बोटं ठेवली.

"तू चोरून खोडलं," ती म्हणाली. "म्या चोरून ठेवलं. तीन वर्ष झाले. रुचिकाले शेवटची आंघोळ घालून राहिली होती. तिची मूठ बंद होती. त्या मुठीत ओढणीचा तुकडा होता. हिरवी ओढणी. काठाले पिवळी लेस."

सखाबाईने मागची जाळी मुठीत धरली.

"लेस म्या लावली होती," ती म्हणाली. "हातानं."

"मले मालूम होतं. रोवणीले जाताना दोघी माह्याच दारातून गेल्या होत्या. पण तू वाट पाहून राहिली होती, सखाबाई. रिचार्ज मारून राहिली होती. तुले कशी सांगू? तुकडा ट्रंकेत हाय. रोज वाटे आज देऊ, आज देऊ."

सखाबाई हळूच खाली बसली. दगडाला पाठ लावून. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती ओरडली नाही.

"जोरात धरली होती?" तिने विचारलं.

"तीन बायांले मूठ उघडता नाही आली. मागून म्याच गरम पाण्यानं सोडवली."

"म्हणजे एकटी नव्हती."

"नाही. एकटी नव्हती."

चंद्रकुमारांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, नगरपंचायतीची तक्रार नाही. तसं लिहा," ते म्हणाले आणि जाळीबाहेर गेले. श्रावणही तोंड फिरवून त्यांच्यामागे गेले.

रंजू सखाबाईजवळ वाकली. "काकू, रुचिकाची जागा खोल घासून मी तिचं नाव पुन्हा कोरते. पण रुचिताचं... तुम्ही म्हणाल तसं. काढायचं असेल तर मी स्वतः काढते."

दगडाला धरून सखाबाई उठली. पदराला हात पुसला.

"कोणतं हाय तिचं?" ती म्हणाली. "दाखवा मले."

रंजू पुढे झाली, पण तिच्या आधी ललिताबाईने सखाबाईचं बोट आपल्या हातात घेतलं. चौथ्या ओळीवर ठेवलं. अक्षराच्या खाचेतून ते हळूहळू पुढे नेलं.

"हा रु. हा चि. आन् हा ता."

"ता," सखाबाई म्हणाली.

तिचं बोट तिथेच राहिलं. मग तिने कपाळ दगडावर टेकवलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या लेकीसाठी मोठ्याने रडली.